हट्टाने गेला

पाव घेऊन परतताना दोब्रीला ब्लॉकच्या दारावर मिंकोचा फोटो दिसला, आणि पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती ही, की फोटो काही बरा आलेला नाही. काळी चौकट, वर क्रॉस, खाली नाव. असल्या कागदांनी ल्युलिन वस्तीतलं प्रत्येक दार, विजेचा प्रत्येक खांब आणि बसथांब्याची प्रत्येक काच भरलेली असते. माणूस गेला की कागद, चाळीस दिवस झाले की कागद, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, दहा वर्षांनीसुद्धा कागद. सोफियात जिवंतांपेक्षा मेलेल्यांना जास्त जागा मिळते, असं त्याची बायको रायना म्हणायची. तेव्हा दोब्री सवयीने थांबला, टोपी काढली, ‘बिचारा मिंको’ असं पुटपुटला, आणि तेवढ्यात त्याच्या पायाशी, अगदी गुडघ्याच्याही खाली, मिंको खोकला.

मिंको जिवंत होता. तळघराच्या झरोक्यातून त्याचं अर्धं डोकं आणि एक कोपर बाहेर आलं होतं, आणि समोर फळीवर सिगरेटची पाकिटं, साबण, मेणबत्त्या आणि तुर्की बिस्किटं रोजच्यासारखी मांडलेली होती. हा माणूस वीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात इंजिनियर होता. कारखाना विकला गेला, म्हणजे नेमका कोणी कोणाला विकला ते कोणालाच कळलं नाही. यंत्रं ट्रकांतून निघून गेली आणि मिंको घरी आला. मग शहरात त्या काळी ज्याने त्याने केलं तेच त्यानेही केलं. ज्या तळघरात लोणच्याच्या बरण्या आणि कोळसा ठेवायचा त्याचा झरोका फोडून मोठा केला आणि दुकान थाटलं. गिऱ्हाइकाने फुटपाथवर उकिडवं बसायचं, पैसे खाली द्यायचे, माल वर घ्यायचा. दोब्रीचे दोन्ही गुडघे कुस्तीने खाल्लेले. बसताना तो कण्हला की मिंको आतून म्हणायचा, "वाक, पैलवान, वाक. जन्मभर दुसऱ्यांना वाकवलंस." हा विनोद रोज व्हायचा, आणि दोघांनाही तो रोज पुरायचा. आज मात्र तो विनोद झाला नाही. दोब्री भिंतीला धरून स्वतःच खाली बसला.

"पाहिलास?" मिंकोने विचारलं. "उजाडायच्या आधीच लावून गेले. फोटो पासपोर्टातला आहे. कुठून मिळाला असेल रे त्यांना?"

"मग काढला का नाहीस?"

"सासूबाई हात लावू देत नाहीत. मेलेल्याचा कागद फाडायचा नसतो म्हणे. म्हटलं, अहो आई, मी मेलोय कुठे? तर म्हणतात, कागद तर लागलाय ना." मिंको हसला, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "खरं सांगू का, मीसुद्धा गेलो होतो सुरी घेऊन. हात उचलेना. बायकोने तर मघाशी त्याच्यासमोर क्रॉस केला, आणि मग माझ्याकडे बघून रडली."

ते खरंच होतं. असे कागद ऊन काढतं, पाऊस काढतो, हात काढत नाही. दोब्रीला स्वतःलाही ते जमलं नसतं. त्याने चष्मा लावला आणि बसल्या बसल्या मान वर करून कागदावरची अक्षरं वाचली. ‘आमचा लाडका मिंको, वय बावन्न, हट्टाने गेला. शेजाऱ्यांना चिरंतन दुःख.’ बाकी कोणालाही ते वाक्य नुसतं विचित्र वाटलं असतं, कोणा दारुड्याने लिहिल्यासारखं. दोब्रीला ते ओळखीचं होतं. ते त्याचंच होतं.

स्पोर्ट्स स्कूलच्या त्या तालमीत, जिथे घामाचा, रबराचा आणि उकडलेल्या कोबीचा वास कायमचा भिंतीत मुरलेला होता, तिथे पंचवीस वर्षं तो वस्ताद होता. खेड्यापाड्यांतून पोरं यायची. हडकुळी, शेंबडी, दूध आणि मटण आयुष्यात पहिल्यांदा पोटभर बघणारी. सरकार खायला घालायचं आणि दोब्री घडवायचा. त्याला मारायला आवडत नसे. त्याच्या आधीचा वस्ताद दोरखंडाने फोडून काढायचा, आणि दोब्रीने ठरवलं होतं की आपण हात उगारायचा नाही, डोकं वापरायचं. म्हणून त्याने ती गंमत काढली. एखादं पोरगं सरावाला दांडी मारू लागलं, अंग चोरू लागलं, की त्याचा पासपोर्टचा फोटो काळ्या चौकटीत चिकटवून तालमीच्या दारावर लावायचा: ‘आमचा लाडका अमुक, वय चौदा, आळसाने गेला. तालमीला चिरंतन दुःख.’ बाकीची पोरं लोळण घेऊन हसायची. कोणी मेणबत्ती लावायचं, कोणी खोटं रडायचं. ज्याचा फोटो तो मात्र संडासात जाऊन खरं रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गादीवर हजर असायचा. अंगाला बोट न लावता पोरगं सरळ व्हायचं याचा दोब्रीला केवढा अभिमान. एकदा वस्तादांच्या संमेलनात त्याने ही युक्ती व्यासपीठावरून सांगितली होती. सगळे हसले होते, टाळ्याही पडल्या होत्या, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने रायनालाही ती टाळ्यांसकट सांगितली होती. रायना तेव्हा भांडी विसळत होती. ती म्हणाली होती की जित्या पोराचा कागद लावू नये, तो लागतो. दोब्रीने तिला अडाणी ठरवलं होतं.

मग ते सगळं गेलं. कम्युनिस्टांचं सरकार पडलं, लोक चौकात नाचले, दोब्रीही नाचला. आणि पुढल्या हिवाळ्यात तालमीचं मटण बंद झालं, मग दूध, मग दिवे. आता तिथे इटालियन सोफ्यांचं दुकान आहे. पोरं रस्त्यावर आली. त्यांच्याकडे विकायला काय होतं, तर बैलासारखी मान, मोडलेले कान आणि सांगितलेलं ऐकायची सवय. आणि नव्या बाजारात या तिन्हींना सोफ्यांपेक्षा जास्त भाव होता. आधी ती हॉटेलांच्या दारात उभी राहिली. मग त्यांनी विम्याचा धंदा काढला. दुकानाच्या काचेवर लाल बुरुजाचा स्टिकर लावला की दुकानाला काही होत नसे, नाही लावला की होत असे; इतका प्रामाणिक विमा जगात दुसरा नसेल. दोब्री हे सगळं जाणून होता. सगळं शहर जाणून होतं. त्याने स्वतःला समजावलं होतं की आपण कुस्ती शिकवली, पुढचं ज्याचं त्याने पाहावं. लोहाराने सुरी केली म्हणून खून लोहाराचा होत नाही. पण रस्त्यात एखादी काळी मोटार कचकन थांबायची, आतून डोंगराएवढा पठ्ठ्या उतरायचा आणि भर रहदारीत ‘वस्ताद!’ म्हणून त्याला मिठी मारून जमिनीवरून उचलायचा, तेव्हा त्याला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. आजूबाजूचे लोक वाट सोडून उभे राहायचे, आणि पेन्शनीत पावही धड न परवडणाऱ्या माणसाला ते आवडायचं, हेही तितकंच खरं.

त्या बऱ्या वाटण्यातूनच तो बोलून गेला होता. शरद ऋतूत, मिंकोच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, त्याच्याच स्वयंपाकघरात राकियाची दुसरी बाटली चालू असताना मिंकोने सांगितलं होतं की स्टिकरवाले दोनदा येऊन गेले, झरोक्याला कसला विमा, पण मागतात. आणि दोब्रीने टेबलावर हात आपटून म्हटलं होतं की ती माझी पोरं आहेत, माझ्या पायाखाली बसलेल्या माणसाला हात लावायची त्यांची छाती नाही. बायकांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. मिंको इंजिनियर माणूस. दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा त्याने झरोक्यातून डोकंही बाहेर न काढता सांगितलं, "वर तुमचे वस्ताद राहतात, त्यांना विचारा." आता तो दोब्रीकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात तक्रार नव्हती, हेच दोब्रीला सहन होईना. तक्रार असती तर भांडता आलं असतं. मिंको फक्त वाट पाहत होता.

घरी रायनाने त्याच्या हातातला पाव घेतला, त्याचं तोंड पाहिलं, आणि पाव कापायला घेतला. कागद तिनेही पाहिला होता. दोब्री खिडकीपाशी बसून राहिला. समोर वितोशा पर्वत धुरात अर्धा बुडाला होता. कधीकधी त्याला वाटायचं की आपलं सगळं आयुष्य या खिडकीतून पाहिलेलं आहे, आणि मधली वर्षं कोणी दुसऱ्यानेच जगून टाकली. त्याला आसेन आठवत होता. आता पश्चिमेकडच्या सगळ्या वस्त्यांचे स्टिकर ज्याच्या हातात होते तो आसेन तेव्हा डॅन्यूबकाठच्या कुठल्याशा खेड्यातून आलेला अबोल पोरगा होता. बाप नाही, आई दुसऱ्याच्या घरात. एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं त्याने डोळ्यांदेखत पाहिलं आणि त्यानंतर तो गादीवर उतरेना. दोब्रीने समजावलं, दूध वाढवलं, मग दारावर कागद लावला: ‘आमचा लाडका आसेन, वय चौदा, भीतीने गेला.’ बाकीच्यांचे कागद दुसऱ्या दिवशी निघायचे. आसेन गादीवर येईना म्हणून त्याचा राहू दिला. तो पोरगा आठवडाभर त्या दारातून, आपल्याच मेलेल्या तोंडाखालून, जात-येत राहिला, कोणाशी बोलला नाही. मग एका सकाळी तो उतरला, आणि समोरच्याला त्याने असा आपटला की दोघांना मिळून सोडवावा लागला. दोब्रीने त्या दिवशी त्याला छातीशी धरलं होतं. माझा सगळ्यात चांगला पठ्ठ्या, असं तो कित्येक वर्षं सांगत असे.

"जाणार आहेस ना?" रायना म्हणाली.

"गेलो तर त्याच्या उपकारात अडकेन."

"आणि नाही गेलास तर मी खाली कशी जाऊ? पेन्काच्या डोळ्यांना डोळा कसा देऊ?" पेन्का म्हणजे मिंकोची बायको. रायनाने चाकू पुसून ठेवला. "तू शब्द दिलास, मी तिथेच बसले होते. शब्द खरा असेल तर आज वापर. नसेल तर तसं जाऊन सांग त्याला, म्हणजे बिचारा गावी तरी पळेल."

खेळाडूंच्या जुन्या क्लबात आता आसेनचं हॉटेल होतं. टेबलक्लॉथ बदलले होते, वजडीच्या सुपाचा वास तोच होता. दोब्री दारात दिसताच आसेन उभा राहिला, आणि तो उभा राहिला म्हणून भोवतालचे सगळे उभे राहिले. त्याने सगळ्यांना हाताने पांगवलं, दोब्रीला भिंतीकडची मानाची खुर्ची दिली, ओव्हरकोट स्वतः काढून घेतला, गुडघ्यांची चौकशी केली, रायनामावशींची केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. दोब्री वाटभर जुळवून आणलेला राग शोधत होता, आणि त्याच्या हाताला लागत होतं ते नुसतं म्हातारपण. अखेर तो म्हणाला की माझ्या दारावर एक कागद लागलाय.

"कळलं," आसेन म्हणाला. "तासाभरापूर्वीच कळलं. पोरांनी आपल्या मनाने केलं. तो तुमच्याच दारचा माणूस आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही."

"त्याने सांगितलं होतं त्यांना."

"सगळेच सांगतात, वस्ताद. कोणाचा काका मंत्री असतो, कोणाचा वस्ताद."

"वाक्य माझं आहे, आसेन."

आसेन पहिल्यांदाच मनापासून हसला, आणि त्या हसण्यात तो चौदा वर्षांचा पोरगा क्षणभर दिसून गेला. "तुमचंच. मी सगळ्या पोरांना शिकवलंय. तुम्हीच म्हणायचात ना, की हात उगारतो तो कच्चा वस्ताद? काही करावंच लागत नाही. कागद लावला की दहातले नऊ दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी येतात."

"आणि दहावा?"

सूप आलं होतं; आसेनने दोघांच्याही सुपात लसणीचं व्हिनेगर घातलं, मिरची घातली, ढवळलं. "माझा कागद मी ठेवलाय," तो म्हणाला. "तो नसता तर मी आज कुठल्यातरी गोठ्यात असतो. माणसाला एकदा आपलं मरण वाचायला मिळालं पाहिजे, वस्ताद. मग तो घाबरत नाही." हे तो उपकार मानत बोलत होता. त्याचे डोळे ओले झाले होते, आणि दोब्रीला वाटलं की याने मला शिवी दिली असती तर मी घरी जाऊन झोपू शकलो असतो. गुरूची विद्या गुरूलाच फळते म्हणतात, ती अशी डोळे ओले करून फळते हे कोणी सांगत नाही.

मग आसेनने विचारलं की नवी तालीम बांधतोय, गादी जर्मनीहून मागवलीय, तुम्ही याल का. पगाराचा आकडाही बोलला. दोब्रीने मान ताठ केली. त्याला त्या क्षणी स्वतःची मान फार दिवसांनी जाणवली. तो म्हणाला की माझं नाव तुझ्या दारावर लागणार नाही. मी एका माणसासाठी आलोय, तेवढं कर, नाहीतर नाही म्हण. आसेन रागावला नाही. उलट त्याला ते आवडलं असावं. "बरं," तो म्हणाला, "तुम्ही येऊ नका. तो ब्लॉक वस्तादांचा आहे असं सगळ्यांना सांगून ठेवतो. तिथे कोणी जाणार नाही. मिंकोला म्हणावं, सुखाने सिगरेटी विक." आणि दोब्री, जो मिंकोचा जीव मागायला आला होता आणि तो मिळाल्यावर दुसरं काही ऐकूच शकत नव्हता, त्याने सूप तळापर्यंत खाल्लं. चांगलं झालं होतं सूप. ट्रामने घरी येताना त्याला वाटलं की आपण एक कुस्ती जिंकलो, आणि पैसाही घेतला नाही, नावही दिलं नाही.

संध्याकाळी एक पठ्ठ्या आला, त्याने कोमट पाण्याचा स्पंज लावून कागद अलगद सोडवला, खालचा डिंकही खरवडून काढला, आणि झरोक्याशी उकिडवं बसून मिंकोची माफी मागितली. सगळा ब्लॉक खिडक्यांतून पाहत होता. त्या दिवशी पुन्हा मिंकोच्या स्वयंपाकघरात राकिया निघाली. पेन्काने दोब्रीचे हात धरले आणि सोडेना. सासूबाई मात्र कोपऱ्यातून म्हणाल्या की काढला तरी लागला तो लागला. मिंको नको इतका हसत होता. "मेलेल्या माणसाला ओत रे अजून एक," असं म्हणत होता. दोब्रीला नंतर आठवलं तर दोघं बरोबरीने प्यायले तो शेवटचा दिवस होता, पण शेवटचा दिवस त्या दिवशी ओळखू येत नसतो.

दोब्रीकडे पहिल्यांदा चौथ्या मजल्यावरच्या योर्दानाबाई आल्या, चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन. सहज केली म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सहज काही केलेलं नव्हतं. मग कोणी मिरच्या-टोमॅटोच्या ल्युतेनित्साची बरणी दाराशी ठेवून गेलं, कोणी गावच्या कोंबडीची अंडी. पावाच्या रांगेत, जिथे त्या हिवाळ्यात माणसं एकमेकांच्या पायांवर उभी राहायची, तिथे लोक त्याला पुढे सोडू लागले. तो नको म्हणाला तर आणखी मागे सरकायचे, आणि त्याच्यापुढे रिकामी फरशी तेवढी उरायची. जिन्यात दोन बायका भांडत असल्या आणि त्याची पावलं ऐकू आली की भांडण मिटायचं. आधी त्याला हे वयाचं वाटलं, मग उपकाराचं. शेजारच्या ब्लॉकसमोरच्या मोटारी चोरीला जायच्या, यांच्यासमोरच्या एकीचा आरसाही कोणी काढला नाही, आणि त्याबद्दल लोक त्याचे आभार मानू लागले तेव्हाही त्याने हात झटकले. पण तिसऱ्या मजल्यावरचा एक गृहस्थ एका दुपारी आला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला की जावई मुलीला मारतो, तुम्ही नुसतं तुमच्या पोरांपैकी एखाद्याला त्याच्या कानावर घालायला सांगितलंत तर बरं. दोब्री त्याच्यावर ओरडला. माझी कोणी पोरं नाहीत, मी कोणी नाही, मी पेन्शनर आहे, असं तो जिन्यात उभा राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडला. तो माणूस टोपी हातातच धरून, मागे मागे सरत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने कोकराची तंगडी आणून दिली.

रायनाने ती शिजवली. दोब्री म्हणाला होता परत कर, आणि ती म्हणाली होती, "परत केली तर तो रात्रभर झोपणार नाही. खा." तिचं बरोबर होतं, आणि तंगडीही मऊ झाली होती. त्या हिवाळ्यात पेन्शनीत आठवड्याचं चीजही येत नव्हतं, आणि आता घरात चीज होतं, लोणी होतं, एकदा तर संत्रीही आली. रायना आणणाऱ्याला बसवायची, मुलाबाळांचं विचारायची, भांडं घासून परत द्यायची. पण तिनेही जिन्यात थांबून गप्पा मारणं सोडलं होतं, कारण ती थांबली की दुसऱ्यांच्या गप्पा थांबायच्या. जेवताना दोघं समोरासमोर बसायची आणि चमच्यांचा आवाज तेवढा व्हायचा. दोब्रीला वाटायचं की बाहेर जाऊन ओरडून सांगावं, आसेनचा आणि माझा काडीचा संबंध नाही. एकदा तो निघालाही. खालच्या दारापर्यंत गेला आणि तिथे, कागद जिथे होता त्या स्वच्छ चौकोनासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की संबंध नाही असं एकदा सगळ्यांना पटलं की ते स्टिकरवाल्यांनाही पटेल, आणि मग हा चौकोन रिकामा राहणार नाही. मिंको जिवंत आहे तो लोक दोब्रीला भितात म्हणून. जितकं भितील तितका मिंको जगेल. त्याने दाराला कपाळ टेकलं. थंड होतं. मग तो वर आला.

मिंकोकडे तो रोज जात होता, आणि मिंकोही रोज बोलत होता. हवेचं, तुटवड्याचं, सासूबाईंच्या दम्याचं. पण काहीतरी निसटत चाललं होतं. मिंकोने पहिल्या आठवड्यात सिगरेटचे पैसे घेतले नाहीत, ते ठीक होतं, जीव वाचला होता, माणूस एवढं करतोच. दुसऱ्या आठवड्यातही घेतले नाहीत. दोब्रीने नोटा झरोक्यातून आत टाकल्या तर त्या संध्याकाळी पाकिटात घालून दाराखालून परत आल्या. मग मिंकोने त्याला वाकू देणं बंद केलं. दोब्री कोपऱ्यावर दिसला की तो स्वतःच तळघराच्या पायऱ्या चढून, धापा टाकत, फुटपाथवर येऊन उभा राहायचा. दोब्रीने एकदा मुद्दाम म्हटलं, "अरे, वाकू दे की मला, जन्मभर दुसऱ्यांना वाकवलं." मिंको हसला. लगेच, मोठ्याने, जरूर त्यापेक्षा जास्त हसला. वरिष्ठाच्या विनोदाला कारखान्यात हसतात तसा. त्या हसण्याने दोब्रीला जे झालं ते आसेनच्या ओल्या डोळ्यांनीही झालं नव्हतं. हा एकच माणूस होता ज्याच्यासाठी आपण गेलो होतो. बाकीचा ब्लॉक भ्यायला तर भिऊ दे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मिंकोला तरी माहीत आहे मी कोण ते.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याने मनाशी पक्कं केलं. मिंकोला वर बोलावून नको, तिथेच, झरोक्याशी बसून सगळं सांगायचं. की मी आसेनचा माणूस नाही, नोकरी नाकारलीय, पैसा घेतला नाही. हे तुझ्यापाशी राहू दे, बाहेर काय समजायचं ते समजोत. एका माणसाने तरी खरं जाणावं. फुटपाथवर बर्फ गोठून काळा पडला होता. मिंकोला यायला वेळ मिळू नये म्हणून तो भिंतीलगतच्या बाजूने आला आणि मिंकोने पाहण्याआधीच खाली बसला. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. आत मिंको पाठमोरा होता, खोकी रचत होता. वळला आणि दोब्रीचं तोंड इतकं जवळ, आपल्या तोंडासमोर पाहून एकदम मागे सरला. शेल्फावरच्या मेणबत्त्या पडल्या.

"घाबरलास काय?" दोब्री म्हणाला. "बोलायचंय तुझ्याशी. नीट ऐक. हे जे चाललंय ना—"

"हो, हो, लक्षात आहे माझ्या," मिंको घाईने म्हणाला. तो खाली वाकला, मागच्या खोक्यांत काहीतरी शोधू लागला. "मीच येणार होतो वर. पेन्काला म्हटलं सुद्धा. माल उशिरा आला या खेपेला, सीमेवर अडवला होता, नाहीतर पहिल्याच तारखेला..." त्याने सिगरेटचा अख्खा गठ्ठा दोन्ही हातांनी झरोक्यातून बाहेर सरकवला. त्यावर कॉफीचा डबा होता, आणि त्यावर रायनाला आवडायचं ते चॉकलेट.

"मिंको, हे नको मला. हे ठेव आत. मी मागायला आलो नाही, ऐक तर खरं."

मिंकोचे हात गठ्ठ्यावरच राहिले. वीस वर्षं ज्या डोळ्यांनी त्याची टर उडवली होती ते डोळे खालून, जमिनीच्या पातळीवरून, दोब्रीच्या तोंडावर काहीतरी वाचायचा प्रयत्न करत होते. मग त्याने मान खाली घातली आणि इतक्या हळू आवाजात विचारलं की दोब्रीला आणखी वाकावं लागलं.

"कमी पडतंय का, साहेब?"

दोब्रीने तोंड उघडलं. नको म्हणालो तर हा आज रात्री पेन्काला घेऊन गावी पळेल, किंवा घड्याळ विकेल, किंवा सासूबाईंची पेन्शन आणून ठेवेल. काही म्हणालो तरी तो झोपणार नाही, फक्त घेतलं तर झोपेल. रस्त्यापलीकडे योर्दानाबाई थांबल्या होत्या आणि थांबल्या नाहीत असं दाखवत होत्या.

"नाही," तो म्हणाला. "पुष्कळ आहे."

आणि गठ्ठा, डबा आणि चॉकलेट त्याने काखेत घेतलं.